कॉम्प्रेसर खरंच गेला का? इन्व्हर्टर एसीतला बिघाड शोधण्याची रीत

(गोंदिया येथे एसी-फ्रिज मेकॅनिक, आयटीआयचे विद्यार्थी आणि व्यापारी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



समोर पाहिलं तर अर्धे लोक हातात पाना घेणारे दिसतात आणि अर्धे बिल भरणारे. आजचा विषय दोघांच्याही कामाचा आहे, म्हणून दोघांनाही कळेल असं बोलायचा प्रयत्न करू. मेकॅनिक मंडळींना काही गोष्टी आधीच ठाऊक असतील, त्यांनी सांभाळून घ्यावं. दुकानदार मंडळींना मध्ये मध्ये आकडे ऐकावे लागतील, त्यांनीही सांभाळून घ्यावं.

सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो.

मे महिना, ऐन लग्नसराई. बाजारातलं एक कापडाचं दुकान. गच्चीवर थ्री फेजवर चालणारं मोठं इन्व्हर्टर आउटडोअर. मालकाची तक्रार अशी, "भाऊ, सकाळी मस्त चालते, पन दुपारी दोन वाजले का बंद पडून राहते." डिस्प्लेवर इन्व्हर्टर ओव्हरकरंटचा कोड. पुस्तकात त्या कोडपुढे तीन-चार कारणं छापलेली, त्यात कॉम्प्रेसरचं नाव सगळ्यात वर. आम्ही क्लॅम्प मीटर लावला, करंट जरा जास्त वाटला आणि सांगून मोकळे झालो की कॉम्प्रेसर गेला. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, मालकाने जास्त विचारलं नाही. नवा कॉम्प्रेसर आला, बसला. योगायोग असा, की त्याच आठवड्यात आभाळ आलं, पावसाची सर पडून गेली, यंत्र सुरळीत चाललं. आम्ही पैसे घेतले. अकरा दिवसांनी ऊन तापलं आणि दुपारी दोन वाजता पुन्हा तोच कोड!

मग मात्र गच्चीवर छत्री लावून बसलो आणि सगळं उघडलं. इन्व्हर्टर बोर्डाच्या मागे ॲल्युमिनियमचा हीट सिंक असतो, त्याच्या पात्यांमध्ये कोंड्याचा थर असा बसलेला, जणू कोणी शेणामातीने लिंपून काढलंय. दुकानामागच्या गल्लीत धान्याचं गोदाम होतं, ते आम्ही येता-जाता पाहत होतो, पण त्याचा विचार केला नव्हता. पॉवर मॉड्यूलखालची पांढरी थर्मल पेस्ट सुकून तिची पापडी झालेली. सिंक साफ केला, नवी पेस्ट लावली. त्याच दिवशी दुपारी यंत्र चाललं, आणि मग चालतच राहिलं. काढून आणलेला जुना कॉम्प्रेसर आम्ही दुकानात नीट मोजला. तिन्ही वाइंडिंग सारखी, मेगरचं रीडिंग उत्तम. निर्दोष माणसाला आम्ही शिक्षा देऊन बसलो होतो.

त्या खर्चातला अर्धा भाग आम्ही सोसला. तो जुना कॉम्प्रेसर अजून आमच्या दुकानात आहे, नव्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवतो.

आता मुद्दा. मॉड्यूल तापलं होतं, मग कोड ओव्हरकरंटचा का आला? कारण ज्याला आपण आयपीएम म्हणतो, त्या पॉवर मॉड्यूलमधून बिघाडाची खबर देणारी तार बहुधा एकच असते. करंट जास्त झाला तरी तीच तार, मॉड्यूल तापलं तरी तीच, आणि त्याला मिळणारी १५ व्होल्टची कंट्रोल सप्लाय पडली तरीही तीच. बोर्डाला एवढंच कळतं की मॉड्यूलने हात वर केले. तो ठरलेला कोड दाखवतो. म्हणजे कोडवरून यंत्र कुठे थांबलं ते कळतं. का थांबलं ते आपल्याला शोधावं लागतं. आजच्या बोलण्यात एवढं एक लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

इन्व्हर्टर म्हणजे नेमकं काय

दुकानदार मंडळी हमखास विचारतात, "इन्व्हर्टर एसी आहे, मग लाइट गेल्यावर चालणार का?" नाही हो. घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही. जुन्या एसीतला कॉम्प्रेसर शेतातल्या मोटरीसारखा असतो. चालू म्हणजे पूर्ण चालू, बंद म्हणजे पूर्ण बंद. लाइनची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणून गती ठरलेली. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला ट्रॅक्टरसारखा ॲक्सिलेटर असतो. उन्हाळ्यात दुपारी जोरात, रात्री हळू. तोशिबाने १९८१ मध्ये जपानात घरगुती इन्व्हर्टर एसी आणला, आणि एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवण्याची व्हीआरव्ही पद्धत दायकिनने १९८२ मध्ये. आज आपल्याकडे दवाखाने, शोरूम, मंगल कार्यालयं, बँका, सगळीकडे हीच यंत्रं दिसतात.

आत काय घडतं ते तीन पायऱ्यांत समजून घ्या. पहिली पायरी: लाइनचा एसी करंट रेक्टिफायरमधून जातो आणि त्याचा डीसी होतो. सिंगल फेज २३० व्होल्टवर हा डीसी सव्वातीनशेच्या आसपास येतो. बूस्ट पीएफसी असेल तर यंत्र चालताना साडेतीनशेच्या पुढेही जातो. थ्री फेज ४१५ वर तो साधारण ५६० ते ५९० व्होल्ट. दुसरी पायरी: हा डीसी मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतो. तिसरी पायरी: आयपीएममधले सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीपासून पुन्हा तीन फेज तयार करतात. हे तीन फेज यू, व्ही, डब्ल्यू या तीन तारांनी कॉम्प्रेसरला जातात. कॉम्प्रेसरच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. तो फेजच्या मागोमाग फिरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, यात स्टार्ट-रन वाइंडिंग नाही आणि रन कॅपॅसिटरही नाही. जुन्या एसीवर शिकलेली निम्मी सवय इथे उपयोगाची नाही. दोन, कॉम्प्रेसर चालण्यासाठी लाइन, रेक्टिफायर, कॅपॅसिटर, मॉड्यूल, तारा, गॅस, पंखे, सेन्सर हे सगळे ठीक असावे लागतात. यातला कोणीही चुकला तरी बंद पडलेला दिसतो तो कॉम्प्रेसरच. आळ त्याच्यावरच येतो.

आधी जीव, मग मीटर

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेऊ नका. एमसीबी पाडला म्हणजे यंत्र मेलं असं नाही. कॅपॅसिटरमध्ये पाच-साडेपाचशे व्होल्ट डीसी तसाच बसलेला असतो आणि तो माणसाला मारू शकतो. लाइन बंद केल्यावर किमान १० मिनिटं थांबायचं. मग मीटर डीसीवर ठेवून डीसी बसच्या दोन टोकांवर मोजायचं. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. बोर्डावरचा लाल दिवा विझला, हा पुरावा नव्हे. मीटर हाच पुरावा. आणि पेचकस टेकवून कॅपॅसिटर उतरवणारे बहाद्दर आहेत, त्यांना विनंती, असं करू नका. ठिणगीने बोर्ड जातो, कधी डोळा जातो. उतरवायचाच असेल तर योग्य रेझिस्टर वापरा.

बिघाड शोधायचा क्रम

आमचा क्रम सात पायऱ्यांचा आहे. कॉम्प्रेसर शेवटून पहिला. असं का? कारण आधीच्या सहा पायऱ्यांना वेळ लागतो, पण पैसे फारसे लागत नाहीत. कॉम्प्रेसर बदलायचा म्हटलं की ग्राहकाचे हजारो रुपये जातात, आणि एकदा ब्रेझिंगचा पाइप कापला की मागे फिरता येत नाही.

पहिली पायरी, विचारा. बिघाड कधी येतो? दुपारीच येतो का? लाइट गेली-आली की येतो का? संध्याकाळी बाजाराचे सगळे दिवे लागल्यावर येतो का? जनरेटरवर येतो का? अलीकडे कोणी गॅस भरला का, वायरिंगला हात लावला का? आमच्या त्या कापडवाल्याने "दुपारी दोन वाजता" हे उत्तर पहिल्याच वाक्यात दिलं होतं. आम्ही ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

दुसरी पायरी, वीज. यंत्र चालू असताना, लोडवर, आउटडोअरच्या टर्मिनलवर मोजा. मेन बोर्डावर मोजलेलं व्होल्टेज कामाचं नाही, मधल्या तारेत ते किती पडतं ते बघायचं आहे. थ्री फेज असेल तर आर-वाय, वाय-बी, बी-आर तिन्ही मोजा आणि प्रत्येक फेज न्यूट्रलशीही मोजा. तीन फेजमध्ये दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. न्यूट्रल ढिला असेल तर एका दुकानात दिवे मंद आणि दुसऱ्यात भगभगीत होतात. यंत्राच्या बोर्डालाही तेच सोसावं लागतं. जनरेटरच्या चेंजओव्हर स्विचमध्ये न्यूट्रलचा खटका जळलेला आम्ही कितीदा तरी पाहिला आहे. थिंबल न लावता पिळून बसवलेल्या तारा, हिरवट पडलेलं तांबं, वितळलेलं टर्मिनल, हेही इथेच बघून घ्या.

तिसरी पायरी, हवा. ही आपल्या जिल्ह्याची पायरी आहे असं आम्ही म्हणतो. गोंदियाला राइस सिटी म्हणतात, ते उगाच नाही. धान कापून झालं की हिवाळाभर गिरण्या चालतात, भुसा-कोंडा हवेत उडतो आणि आउटडोअरच्या कॉइलवर जाऊन बसतो. थंडीत कोणाला कळत नाही, कारण तेव्हा यंत्रावर भारच नसतो. खरी परीक्षा नवतप्यात होते.

थोडा हिशेब करू. यंत्राच्या पाटीवरची क्षमता बाहेरच्या ३५ अंश हवेत मोजलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवाच ४५ च्या घरात जाते, आणि सिमेंटच्या गच्चीवर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात, आउटडोअर जी हवा ओढतं ती त्याहून गरम असते. कॉइल स्वच्छ असली तरी आतला गॅस हवेपेक्षा दहा-पंधरा अंश गरम असायलाच हवा, नाही तर उष्णता बाहेर जाणार नाही. म्हणजे ६० अंश धरा. आर-४१०ए गॅसचं ६० अंशाला प्रेशर साधारण ५४० पीएसआय. बऱ्याच यंत्रांचा हाय प्रेशर स्विच ५८०-६०० च्या आसपास तोडतो. म्हणजे हातात उरले फक्त चार-पाच अंश! त्यात कॉइलवर कोंड्याचा थर आला, पंख्यासमोर कोणी फ्लेक्सचा बोर्ड लावला, की ते चार-पाच अंशही संपले. मग कधी हाय प्रेशरचा कोड येतो, कधी हीट सिंक तापल्याचा, कधी ओव्हरकरंटचा. कोड तीन, मूळ एकच.

दुकानदारांसाठी इथेच सांगून ठेवतो. भर दुपारी यंत्र थोडं कमी थंड करतं, हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. गरमी वाढली की यंत्र स्वतःची गती कमी करून स्वतःला वाचवतं.

चौथी पायरी, गॅस. जुन्या एसीत गॅस कमी झाला की अँपिअर कमी दिसायचे आणि अंदाज यायचा. इन्व्हर्टर यंत्र गती बदलतं, व्हॉल्व्ह उघडतं-मिटतं आणि कमी गॅस बराच काळ लपवून ठेवतं. म्हणून नुसतं प्रेशर बघून निकाल देऊ नका. डिस्चार्ज पाइपचं तापमान बघा, सुपरहीट बघा, आणि शंका असेल तर गॅस काढून वजन करा. पाटीवर ग्रॅममध्ये आकडा दिलेला असतो, जास्तीच्या पाइपचा हिशेब वेगळा. आर-४१०ए हे दोन गॅसांचं मिश्रण आहे, ते सिलिंडरमधून द्रवरूपातच भरायचं. आर-३२ मध्ये थोडी ज्वलनशीलता आहे, त्यामुळे टॉर्च पेटवण्याआधी गॅस काढून नायट्रोजन फिरवा. आणि एक अगदी साधी गोष्ट: स्टॉप व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का? यंत्र हलवून बसवलं आणि एक व्हॉल्व्ह उघडायचाच राहिला, असंही घडतं. त्यावरून कॉम्प्रेसर जॅम ठरवला गेल्याचंही आम्ही पाहिलं आहे.

पाचवी पायरी, तारा आणि पंखे. इनडोअर-आउटडोअरच्या मधली कम्युनिकेशनची तार फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडलेली असते, किंवा पॉवरच्या तारेसोबत एकाच पाइपात घातलेली असते. यू, व्ही, डब्ल्यूचे लग कॉम्प्रेसरच्या टोकाला ढिले होऊन काळे पडतात. एक फेज तुटला की कॉम्प्रेसर सुरू होताना थरथरतो आणि बंद पडतो. यू-व्ही-डब्ल्यूची अदलाबदल झाली तर तो उलटा फिरतो. आउटडोअरचा पंखाही आता डीसी मोटरीचा असतो. ती मोटर आतून शॉर्ट झाली तर बोर्डाची १५ व्होल्टची सप्लाय बसवते आणि सगळं कार्डच मेल्यासारखं दिसतं. पंख्याचं कनेक्टर काढून एकदा बघा, कार्ड जिवंत झालं तर दोषी पंखा. कनेक्टर काढताना लाइन बंद आणि कॅपॅसिटर रिकामा, हे विसरू नका.

सहावी पायरी, बोर्ड. डोळ्यांनी आधी बघा. फुगलेला कॅपॅसिटर, जळका वास, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हमखास सापडणारी पाल किंवा मुंग्यांचं घर. मग लाइन देऊन डीसी बस मोजा. बस तयारच होत नसेल तर फ्यूज, रेक्टिफायर, आणि सुरुवातीचा झटका रोखणारी पीटीसी व तिची रिले तपासा. लाइट वारंवार जाते-येते तिथे या रिलेचे खटके आधी खराब होतात.

मग आयपीएम. लाइन बंद, दहा मिनिटं, डीसी दहाच्या खाली. यू, व्ही, डब्ल्यूच्या तारा काढा. मीटर डायोड मोडवर. लाल पिन बसच्या निगेटिव्हवर ठेवून काळी पिन यू, व्ही, डब्ल्यूवर एकेक लावा. तिन्ही ठिकाणी साधारण ०.३ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवेत, आणि तिन्ही एकसारखे. आता काळी पिन पॉझिटिव्हवर, लाल पिन यू, व्ही, डब्ल्यूवर. पुन्हा तसेच आकडे. पिना उलट केल्या तर वाट बंद दिसली पाहिजे. कुठे शून्य आलं तर मॉड्यूल शॉर्ट, एखाद्याच फेजला वेगळा आकडा आला तर तिथे शंका. पण ही चाचणी पास झाली म्हणजे मॉड्यूल शंभर टक्के चांगलं, असंही समजू नका. स्विचला हुकूम देणारी सर्किट खराब असली तर ती यात कळत नाही.

सातवी पायरी, कॉम्प्रेसर. आता त्याची पाळी. तारा कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवरून काढा. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू तीन रेझिस्टन्स मोजा. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये हे एका ओहमपेक्षाही कमी असू शकतात, म्हणून आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून येणारं रीडिंग वजा करा. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. मग ५०० व्होल्टचा मेगर, प्रत्येक टर्मिनल ते बॉडी. बोर्डाला तार जोडलेली असताना मेगर फिरवलात तर चांगलं मॉड्यूलही तुमच्याच हाताने जाईल. आणि सिस्टिम व्हॅक्यूममध्ये असताना मेगरही लावायचा नाही आणि कॉम्प्रेसरही चालवायचा नाही. व्हॅक्यूममध्ये टर्मिनलमधून ठिणगी जाते.

मेगरचं रीडिंग कमी आलं तरी लगेच निकाल देऊ नका. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्रात थंड गॅस द्रव होऊन कॉम्प्रेसरच्या तेलात उतरतो आणि इन्सुलेशन कमी दाखवतो. कॉम्प्रेसर हीटरने काही तास गरम करा, पुन्हा मोजा. रीडिंग वर चढलं तर कॉम्प्रेसर चांगला आहे. गरम करूनही ते कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खालीच राहिलं, तर मग हो, कॉम्प्रेसर गेला. हा निकाल आता आपण पुराव्याने दिला.

कॉम्प्रेसर मेला तर का मेला?

इथपर्यंत बरेच जण येतात आणि इथे थांबतात. कॉम्प्रेसर खरोखर गेला, नवा बसवला, विषय संपला. संपत नाही. कारण तसंच राहिलं तर नवाही जाणार.

गॅस कमी असेल तर मोटरीला थंड करणारा गॅसच पोचत नाही, वाइंडिंग तापतं, रोटरचे चुंबक कमजोर पडतात. चुंबक कमजोर झालेला कॉम्प्रेसर ओहममध्ये आणि मेगरमध्ये चांगला दिसतो, पण तेवढंच काम करायला करंट जास्त ओढतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला तर द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, तेल धुऊन नेतो, बेअरिंग झिजतात. नवीन गॅसबरोबर येणारं तेल हवेतला ओलावा पटकन शोषतं. व्हॅक्यूम नीट ओढला नाही तर तो ओलावा आत राहतो, आम्ल तयार होतं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं. म्हणून व्हॅक्यूम घड्याळावर नाही, मायक्रॉन गेजवर बघा. ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊन पंप बंद केल्यावर तिथे टिकतो का, ते पाहा. जळालेला कॉम्प्रेसर काढला तर जुन्या तेलाची आम्ल चाचणी करा, पाइप धुवा, ड्रायर बदला.

दुकानदार मंडळींना एकच मागणं. कॉम्प्रेसर बदलायचा असं मेकॅनिकने सांगितलं, तर भांडू नका, पण कागदावर आकडे लिहून मागा. लोडवरचं व्होल्टेज, डीसी बस, तीन वाइंडिंगचे ओहम, मेगरचं रीडिंग, डिस्चार्जचं तापमान. आणि शेवटी एक ओळ, कॉम्प्रेसर कशामुळे गेला. चांगल्या मेकॅनिकला हे लिहून द्यायला दहा मिनिटं लागतात आणि त्याला त्याचा राग येत नाही. आमच्या त्या कापडवाल्याने आमच्याकडून असा कागद मागितला असता, तर दोघांचेही पैसे वाचले असते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: जुन्या कॉम्प्रेसरसारखा याला कॅपॅसिटर लावून डायरेक्ट लाइनवर चालवून बघितला तर?

बघू नका. हा चुंबकाचा रोटर आहे, थेट ५० हर्ट्झवर तो उचलतच नाही. जागच्या जागी प्रचंड करंट ओढतो, वाइंडिंग तरी जळतं किंवा चुंबक तरी उतरतात. चांगला कॉम्प्रेसर असाही मारता येतो.

प्रश्न: आमच्याकडे व्होल्टेज खालीवर होते. स्टॅबिलायझर लावावा का?

आधी मोजा. यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तकात चालण्याची मर्यादा दिलेली असते. संध्याकाळी सात-आठ वाजता आणि भर दुपारी, यंत्र चालू असताना, तीन-चार दिवस मोजून लिहून ठेवा. मर्यादेच्या आत असेल तर स्टॅबिलायझरवर खर्च करू नका. बाहेर जात असेल तर लावा, थ्री फेजला यंत्राच्या क्षमतेचा सर्व्हो. मात्र ढिला न्यूट्रल स्टॅबिलायझरने दुरुस्त होत नाही, तो आधी घट्ट करून घ्या. आणि शेतातल्या पंपाला आपण सिंगल फेज प्रिव्हेंटर लावतो ना, तशीच फेज तुटणं, व्होल्टेज वाढणं-पडणं ओळखणारी रिले इथेही लावा. एका बोर्डाच्या मानाने तिची किंमत काहीच नाही.

प्रश्न: मी आयटीआयला आहे. कंपनीचा चेकर आमच्याकडे नाही. बोर्ड आणि कॉम्प्रेसर यात नेमका कोण खराब, हे कसं ठरवायचं?

चेकर नसला तरी आयपीएमची डायोड चाचणी, तीन ओहम आणि मेगर, एवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो. यंत्रात टेस्ट मोड असेल तर तारा काढून यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यूचं आउटपुट मोजा. साधं डिजिटल मीटर अशा तुटक लहरींवर आकडा चुकीचा दाखवू शकतं, पण तिन्ही आकडे जवळपास सारखे आहेत का, एवढं त्यावरून कळतं. आणि एक नियम वहीत लिहून ठेव: नवा बोर्ड लावण्याआधी कॉम्प्रेसर मेगर करायचा, नवा कॉम्प्रेसर लावण्याआधी आयपीएम तपासायचा. बॉडीला लागलेला कॉम्प्रेसर नवा बोर्ड पहिल्याच क्षणाला घेऊन जातो.

प्रश्न: आउटडोअर किती वेळा धुवावं?

आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी. एकदा होळीच्या आत, म्हणजे हिवाळाभर बसलेला कोंडा उन्हाळ्याआधी निघून जाईल, आणि एकदा पावसाळा संपल्यावर. गिरणी किंवा गोदाम जवळ असेल तर मे महिन्यात पुन्हा एकदा बघून घ्या. लाइन बंद करून, इलेक्ट्रिकचा डबा झाकून, हलक्या धारेने कॉइल धुवायची. प्रेशर वॉशरने पात्या वाकतात. आणि बोर्डामागचा हीट सिंक पाण्याने धुवायचा नाही, लाइन बंद करून, दहा मिनिटं थांबून, ब्रश आणि ब्लोअरने साफ करायचा. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे धुणारा पोरगा त्याला सोडून देतो. तुम्ही समोर उभे राहून तेवढा उघडायला लावा.